साहेबांच्या चहाचं नाणं

ऑफिसात त्याला सगळे 'डायरेक्टर' म्हणत. चहाचा ट्रे घेऊन तो मीटिंगच्या खोलीत शिरला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "या डायरेक्टर, माझ्यात साखर कमी." तोही हसायचा. गंमत अशी, की तो खरोखरच डायरेक्टर होता. एका कंपनीचा. तिचं ऑफिस कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं, तिथे कोण काम करतं हे माहीत नव्हतं, आणि ती कंपनी काय करते असं कुणी विचारलं असतं तर त्यानं आधी त्या माणसाच्या हातातला रिकामा कप उचलला असता.

त्याचं खरं राज्य म्हणजे रंगाच्या कारखान्याच्या मुख्य कचेरीतली चहाची खोली. एक मोरी, दोन शेगड्या, एक कळकट खिडकी आणि कपांची दोन कपाटं. स्टाफसाठी जाड, कान तुटलेले कप. साहेबांच्या पाहुण्यांसाठी पातळ, सोनेरी कडांचे. हे पातळ कप तो दुसऱ्या कुणाला विसळू देत नसे. ऐन तरुणपणी तो इथे लागला आणि इथेच त्याचे केस पिकले. मोठ्या माणसांच्या बोलण्यात खंड न पाडता त्यांच्यापुढे कप कसा ठेवायचा, हे त्याला असं अंगवळणी पडलं होतं की चहा कधी आला आणि कुणी दिला हे पाहुण्यांना कळतच नसे. याचा त्याला अभिमान होता. माणसानं आपण दिसत नाही याचा अभिमान बाळगावा, याला काय म्हणायचं ते वाचकानंच ठरवावं.

साहेब म्हणजे कारखान्याचे मालक. साहेबांच्या सचोटीचा मोठा बोलबाला होता. धंद्यातल्या प्रामाणिकपणावर ते भाषणं द्यायचे, वर्तमानपत्रांत लिहायचे. कुणी भेटवस्तूचा खोका पाठवला तर तो न उघडता परत जायचा, आणि परत जाताना सगळ्या मजल्यावरून, सगळ्यांच्या देखत जायचा. पण या सगळ्यांवर ताण करणारी गोष्ट होती चहाची. साहेब स्वतःच्या कंपनीतसुद्धा स्वतःच्या चहाचे पैसे देत. चहाच्या खोलीच्या दारात एक पत्र्याचा डबा होता. चहा झाला की साहेब पाहुण्यांना घेऊन तिथवर येत, डब्यात एक नाणं टाकत आणि म्हणत, "फुकट घ्यायची सवय एका कपापासून लागते." पाहुणे एकमेकांकडे बघत. एकदा तर एका पाहुण्याचे डोळे पाणावले होते.

त्या नाण्याची गोष्ट अशी.

पहिल्या दिवशी, बँकेची माणसं आणि एक बातमीदार आलेले असताना, साहेबांना हे अचानक सुचलं. ते तडक उठले, डब्यापाशी आले (तेव्हा त्यात बिस्किटं होती) आणि खिसे चाचपू लागले. मोठ्या माणसांच्या खिशात सुट्टे पैसे नसतात. साहेबांचा हात या खिशातून त्या खिशात फिरायला लागला, बातमीदार पेन उघडून उभा, आणि साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या. ते याला बघवेना. यानं आपल्या सदऱ्याच्या खिशातलं नाणं काढून अलगद ओट्याच्या कडेला ठेवलं. साहेबांनी ते उचललं आणि डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं.

तेव्हापासून पाहुणे यायचे असले की हा साहेबांच्या बशीत कपाशेजारी एक नाणं ठेवायचा. तेच नाणं. एका कडेला त्याला टवका उडालेला होता. पाहुणे गेले की हा ते डब्यातून काढून पुसून पुन्हा खिशात टाकायचा. पाहुणे नसतील त्या दिवशी साहेब चार लोकांसारखा चहा पीत आणि कप तिथेच सोडून जात. यात काही खोटं आहे असं याच्या कधी मनातही आलं नाही. साहेबांना चष्मा पुसायला रुमाल लागतो तसं नाणं लागतं, एवढंच. पण साहेबांची गोष्ट चारचौघांत सांगताना तो बशीतल्या नाण्याचा भाग गाळायचा. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. तो भाग घातला की गोष्टीची मजा जायची.

ताईला मात्र त्यानं सगळं सांगितलं होतं. ताई त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा यानं शाळेत जाताना कुणाचा हात धरला असेल तर ताईचा. नवरा वारल्यावर ती मुलीला घेऊन शहराच्या कडेच्या वस्तीत, नाल्यापलीकडे राहायची आणि घरी शिवणकाम करायची. नाण्याची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की मशीन थांबवावं लागलं. "म्हणजे चहा कंपनीचा, नाणं तुझं आणि नाव त्यांचं," ती म्हणाली. "भला आहे हं तुझा साहेब." मग दोघंही हसत बसले.

आता डायरेक्टरकीचं. एका दुपारी कंपनीचे वकील चहाच्या खोलीत आले. यापूर्वी ते कधी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. "साहेबांचा तुझ्यावर फार विश्वास आहे," म्हणाले आणि कागद पुढे केले. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या होत्या. यानं हात पुसले आणि सगळ्या फुल्यांवर सह्या केल्या. कागद वाचले नाहीत. वाचायला मागणं म्हणजे विश्वासाला विश्वासानं उत्तर न देणं, असं त्याला वाटलं. दुसरा डायरेक्टर लिफ्टमन होता. पुढे तो वारला, तरी डायरेक्टर राहिलाच. त्याचा राजीनामा घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

पगार थोडा वाढला. "अहो, पण डायरेक्टरनं करायचं काय असतं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "तेच तर असतं."

वर्षातून एकदा छोट्या खोलीत त्याच्या कंपनीची सभा भरायची. कपाटात एक काळा कोट ठेवलेला होता, तो याला घालायला देत. बाह्या बोटांपर्यंत यायच्या, म्हणून हात टेबलाखाली ठेवायचे. फोटो निघाला की कोट परत कपाटात, आणि हा उठून सगळ्यांचे कप गोळा करायचा, स्वतःचासुद्धा. एकदा साहेब दारावरून जाता जाता थांबले. कोटातल्या याला बघून हसले. "शोभतंय की," म्हणाले आणि गेले. तो दिवसभर हवेत होता.

त्याच हवेत असताना त्यानं एक गोष्ट केली, जी पुढे अंगाशी आली. पितळी पाटी करून घेतली. वर नाव, खाली 'डायरेक्टर'. दोन खोल्यांच्या घराच्या दाराला ती पाटी लागली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नाकं मुरडली आणि त्यामुळे त्याला ती आणखीच आवडली. बायको दर आठवड्याला ती चिंच लावलेल्या फडक्यानं घासून लखलखीत करायची. तिलाही वाटत असेल, नवऱ्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या नावाचे कप विसळले, एक पाटी तरी आपल्या नावाची असावी.

त्या कंपनीचं काम होतं कारखान्याचं घाण पाणी उचलून नेण्याचं. लांब कुठेतरी नेऊन ते स्वच्छ करायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात टँकर शहराबाहेर वळत आणि नाल्यात रिकामे होत. लांब न्यायला खर्च येतो. साहेबांच्या सचोटीला खर्च परवडत नव्हता असं नाही, पण जिथे बातमीदार नाही तिथे सचोटी कशाला वाया घालवा.

वस्तीतल्या हातपंपाच्या पाण्याला आधी वास यायला लागला. मग भांड्यांच्या बुडाला तांबडा थर धरायला लागला. लोकांच्या हातापायांना खाज सुटली, कातडी सोलली. ताई म्हणायची, "उकळून पितो रे, काही होत नाही." मग भाचीला सूज आली. नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिचं नाव लागलं होतं, गणवेश ताईनंच शिवून ठेवला होता. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या गेल्यात. मशीनवर रक्त धुवावं लागेल. ताई त्यांना विचारत राहिली, कधीपर्यंत, आणि डॉक्टर तिला दुसरंच काहीतरी समजावत राहिले.

एके दिवशी वस्तीतल्या लोकांनी नाल्यावर टँकर पकडला. त्याच्या दारावर कंपनीचं नाव होतं. कंपनी कुणाची हे शोधायला फार वेळ लागला नाही. दोन डायरेक्टर, त्यातला एक मेलेला. बातमीदार जिवंत डायरेक्टरच्या घरी आले. तो कामावर होता. त्यांनी पाटीचा फोटो काढला. सकाळी पेपरात पाटी इतकी सुरेख चमकत होती की बायकोला रडू फुटलं.

त्याच दिवशी ताई आली. आत आली नाही. पाटीसमोर उभी राहून तिनं ती पूर्ण वाचली.

"हे तूच का?"

"ताई, मी फक्त सह्या केल्या. मला काय माहीत?"

"तुला माहीत नव्हतं ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुला लहानपणापासून ओळखते. पण आता चौकशी बसणार आहे. तिथे सांग. मी चहा देणारा माणूस आहे, सह्या कुणी घेतल्या, कंपनी खरी कुणाची. एवढंच सांग. साहेब पकडले गेले तरच पोरीच्या औषधपाण्याचं कुणी बघेल. तू पकडला गेलास तर तुझ्याकडून काय काढणार, कप?"

"सांगतो," तो म्हणाला. "शप्पथ."

"शप्पथ नको. सांग म्हणजे झालं."

वकील पुन्हा चहाच्या खोलीत आले. आजवर 'अरे' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'काका' म्हणाला. काकांनी फक्त एवढंच सांगायचं, की टँकरवाल्याला काम मीच दिलं, तो फसवेल हे मला माहीत नव्हतं. मग भाचीच्या उपचाराचं बघता येईल. साहेबांना पैशाची फिकीर नाही हो, नावाची आहे. याच महिन्यात त्यांना सचोटीचा मोठा पुरस्कार मिळायचाय.

तो घरी गेला. बायको सगळं ऐकून उठली, पेचकस घेतला आणि पाटी काढायला लागली. स्क्रू गंजले होते, दाराचं लाकूड सोलून निघालं. "नाही म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली. "पोरीच्या आजाराचा सौदा करतात मेले."

त्यानं वकिलांना जाऊन सांगितलं, "मी खरं सांगणार आहे."  या माणसाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं धाडस होतं आणि ते त्यानं केलं, हे कुणी विसरू नये.  वकील त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खरंच सांगा काका. खऱ्यापलीकडे एक शब्द बोलू नका." तो निघून आला. खूश झाला, की वकिलांना लाज वाटली असावी.

चौकशी एका सरकारी सभागृहात झाली. समितीच्या प्रमुख एक करड्या केसांच्या बाई होत्या, शांत, नीट ऐकून घेणाऱ्या. मागच्या बाकांवर वस्तीतले लोक, त्यांत ताई. भाचीचा मशीनवर जायचा दिवस होता, पण शेजारणीला तिच्याबरोबर पाठवून ताई इथे आली होती. समोर साहेब, पांढऱ्या कपड्यांत, हात मांडीवर.

सुरुवात चांगली झाली. तो म्हणाला, मी चहा देतो. सह्या वकीलसाहेबांनी घेतल्या, फुल्या होत्या तिथे केल्या. कोट कपाटातला होता. बाईंनी विचारलं, "मालकांना हे ठाऊक होतं?" तो म्हणाला, "साहेबांनी मला त्या कोटात पाहिलं होतं. 'शोभतंय की' म्हणाले होते." सभागृहात कुजबुज झाली. ताई पुढे सरकून बसली. साहेबांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि पुन्हा मांडीवर पडला.

मग वकील उठले. आवाजात साखर.

"काका, साहेब सगळ्यांशीच हसून बोलतात ना?"

"हो. स्वभावच तसा आहे त्यांचा."

"या कंपनीच्या कामाबद्दल ते स्वतः तुमच्याशी एक शब्द तरी बोलले?"

"नाही." हे खरंच होतं.

"इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडून काही फुकट घेतलेलं तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"काका," वकील हळूच म्हणाले, "ते चहाच्या पैशांचं काय होतं हो? बाईंना सांगा ना."

आणि त्यानं सांगितलं. काय करणार. या एका गोष्टीवर त्याची जन्मभराची हुकमत होती. लग्नकार्यात, पाहुण्यारावळ्यांत, बसच्या रांगेत त्यानं ती इतक्यांदा सांगितली होती की तोंड उघडलं की ती आपणहून बाहेर पडे. मघापासून तो अडखळत होता, घाम पुसत होता. आता आवाज मोकळा झाला. साहेब कसे उठतात, पाहुण्यांना घेऊन डब्यापाशी कसे येतात, नाणं कसं टण्णकन वाजतं, आणि साहेब काय म्हणतात. त्यानं हातानं नाणं टाकून दाखवलं. इतकी मोठी माणसं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकत होती. बाईंच्या चेहऱ्यावरसुद्धा किंचित हसू आलं. बातमीदार भराभर लिहीत होते. बशीतल्या नाण्याचा भाग त्यानं नेहमीसारखा गाळला. तो भाग सांगून आपण आज कुणाला तरी बुडवू शकतो किंवा वाचवू शकतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. गोष्ट छान रंगली होती.

ती संपल्यावर त्यानं मागे पाहिलं. ताईची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी छापून आलं, की जो माणूस आपल्या चहाचेही पैसे देतो, त्याच्या पाठीमागे त्याच्याच माणसांनी हे उद्योग केले. साहेबांनी अतिशय दुःख व्यक्त केलं. नाल्याच्या प्रकरणाचं सगळं खापर त्या छोट्या कंपनीवर आणि तिच्या डायरेक्टरांवर फुटलं. एक मेलेला होता, त्यामुळे खटला एकावरच. वकील नामानिराळे राहिले. वस्तीत साहेबांनी स्वच्छ पाण्याची टाकी बांधून दिली आणि टाकीवर आपलं नाव घातलं. पुरस्कार ठरल्या दिवशी मिळाला.

याला कामावरून काढलं, तेही सभ्यपणे. शेवटच्या दिवशी त्यानं पातळ कप विसळून कपाटात लावले. सकाळीच पाहुणे येऊन गेले होते; डबा उघडला, टवक्याचं नाणं काढून घेतलं. ते त्याचं होतं. आयुष्यभरात त्या कचेरीतून त्यानं घरी नेलेली ही एकच वस्तू.

मग तो ताईकडे गेला. दुपार होती. आतल्या खोलीतून भाचीनं क्षीण आवाजात विचारलं, "मामा आला का?" तो आत जाऊन तिच्यापाशी थोडा बसला. तिच्या हातावर सुयांच्या गाठी आल्या होत्या. गणवेश भिंतीवर हँगरला होता. तो बाहेर आला तेव्हा ताईनं विकतच्या बाटलीतलं पाणी पातेल्यात ओतून चहा टाकला होता.

"ताई, मी खोटं एक अक्षर बोललो नाही," तो म्हणाला. "आणि त्यांच्याकडून छदाम घेतला नाही. पोरीची शप्पथ."

"तेच तर," ताई म्हणाली. तिनं चहा गाळला. "पैसे घेऊन बोलला असतास तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि ते पैसे पोरीच्या औषधाला लावले असते. तू फुकटात केलंस."



"बशीत नाणं तू ठेवायचास," ती म्हणाली. "ते का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही."

"मी होते ना तिथे बसलेली. मनात म्हणत होते, आता सांगेल, आता सांगेल. एवढं सांगितलं असतंस तर सगळं सभागृह त्यांच्या तोंडावर हसलं असतं. पुढचं कुणी काही ऐकलं नसतं त्या माणसाचं." तिनं कप त्याच्यापुढे ठेवला. "तू हातवारे करून दाखवत होतास. मला वाटलं, माझा भाऊ किती छान बोलतो. आणि मग माझ्यानं बसवेना."

तो चहा प्यायला.  भाची आत झोपली असावी, मधूनच तिच्या श्वासाचा आवाज येत होता. त्यानं रिकामा कप उचलला आणि सवयीनं मोरीकडे न्यायला उठला.

"राहू दे," ताई म्हणाली. तिनं कप त्याच्या हातातून घेतला आणि दुसरा हात त्याच्यापुढे पसरला.

"काय?"

"चहाचे पैसे."

 तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात तसाच होता.

"फुकट घ्यायची सवय एका कपापासून लागते म्हणे," ती म्हणाली.

त्यानं खिशात हात घातला. दुसरं काही नव्हतं. टवक्याचं नाणं त्यानं बहिणीच्या तळहातावर ठेवलं. थोडा वेळ तो तसाच थांबला, ती ते परत देईल म्हणून. तिनं मुठीत धरलं आणि कप विसळायला मोरीवर गेली.